शब्द दिला की दिला: हेलसिंकीला निघालेल्यांचे प्रश्न

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत फिनलंडच्या राजधानीचे नाव वारंवार येते आहे. मराठी माणसाला हेलसिंकी प्रथम ठाऊक झाली ती खाशाबा जाधवांमुळे. कराडजवळच्या गोळेश्वरच्या या मल्लाने १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये तेथे कुस्तीचे कांस्यपदक जिंकले आणि स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. आता त्या शहराकडे संगणक अभियंते, संशोधक, लेखापरीक्षक आणि अभ्यासदौऱ्यावरचे अधिकारी निघाले आहेत. त्यांची काही पत्रे, संक्षिप्त करून आणि नावे वगळून, येथे घेतली आहेत.

प्रश्न: आमची कंपनी हेलसिंकीतील एका ग्राहकासाठी काम करते. ऑनलाइन बैठकीत मी सादरीकरण करतो तेव्हा समोरचे सहा जण साधा हुंकारही देत नाहीत. शेवटी ‘ठीक आहे, धन्यवाद’ एवढेच म्हणतात. पुढच्या महिन्यात मी प्रत्यक्ष तेथे जाणार आहे. त्यांना आमचे काम पसंत नाही, असे समजायचे का?
(प्रकल्प व्यवस्थापक, हिंजवडी, पुणे)

उत्तर: तसे मुळीच समजू नये. आपल्याकडे ऐकणाऱ्याने हुंकार दिला नाही तर बोलणारा थबकतो. तेथे ऐकणारा गप्प राहतो तो बोलणाऱ्याचे म्हणणे पुरते व्हावे म्हणून, आणि मध्येच ‘हो, हो, बरोबर’ म्हणणे त्याला बोलणे तोडल्यासारखे वाटते. आपले सादरीकरण संपल्यावर काही क्षण कोणीच बोलत नाही. अशा वेळी आपल्यातील बहुतेक जण अस्वस्थ होऊन पुन्हा बोलू लागतात, आणि समोरच्याच्या ओठांवर आलेला महत्त्वाचा प्रश्न तेवढ्यात मागे पडतो. तेवढे क्षण थांबावे. प्रश्न येतो, आणि तो सहसा नेमका आणि अडचणीचा असतो.

परंतु शांततेपेक्षा आपण तेथील शब्दाच्या हिशेबाकडे अधिक लक्ष द्यावे, असे मी सुचवीन. ‘गुरुवारपर्यंत पाठवतो’ असे आपण सहज म्हणून गेलो, तर समोरचा माणूस गुरुवारची नोंद करतो आणि शुक्रवारचे आपले काम त्यावर बेततो. फिनलंडच्या कायद्यात तोंडी करारही सामान्यतः लेखी कराराइतकाच बंधनकारक असतो. घर-जमिनीच्या व्यवहारांसारखे अपवाद सोडले तर दिलेला शब्द न्यायालयातही शब्दच राहतो. आपले ‘बघतो’, ‘करून टाकू’, ‘होऊन जाईल’ यांत होकार, नकार आणि सौजन्य किती प्रमाणात मिसळले आहे हे आपण आपसात अचूक ओळखतो. हेलसिंकीच्या बैठकीत मात्र त्याची नोंद सरळ होकार म्हणून होते. मग तारीख चुकते. कोणी आवाज चढवत नाही, तक्रारही करत नाही. फक्त पुढच्या वेळेपासून आपल्या शब्दावर काम बेतणे ती मंडळी थांबवतात, आणि हे आपल्याला कोणी सांगत नाही. भारतातील चमू आणि तेथील ग्राहक यांच्यात जे अंतर पडते, त्याचे मूळ माझ्या मते कौशल्यात क्वचितच असते. बहुतेक वेळा ते वेळेवर न दिलेल्या नकारात असते.

या वक्तशीरपणाला इतिहासाचीही बाजू आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर फिनलंडवर सोव्हिएत संघाने ३० कोटी डॉलरची नुकसानभरपाई लादली (१९४८ मध्ये ती काहीशी घटवली गेली), तीही जहाजे, यंत्रे, केबल, कागद अशा मालाच्या रूपाने आणि ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे. उशीर झाल्यास दंड होता. शेवटचा माल रवाना झाला १९५२ मध्ये, म्हणजे खाशाबा तेथे खेळले त्याच वर्षी. हप्ते फेडून राष्ट्राचा स्वभाव घडतो असे म्हणणे धाडसाचे होईल, परंतु त्या वर्षांत तेथील जहाजबांधणी आणि धातूउद्योग वाढला, आणि कारखान्यांच्या अंगी तारखेची शिस्त मुरायला या फेडीचा काहीच हातभार लागला नसेल असे मला वाटत नाही.

आपण जाल तेव्हा बैठकीपूर्वी विषयपत्रिका पाठवावी, आणि बैठक संपताना काय ठरले, कोण करणार आणि केव्हा, हे मोठ्याने वाचून दाखवावे. जे जमणार नाही ते तेथेच सांगावे. ‘या तारखेला होणार नाही, आणखी दोन आठवडे लागतील’ या वाक्याने तेथे कोणी दुखावत नाही. ‘सर’, ‘मॅडम’ही सोडावे लागेल, कारण संचालकालासुद्धा तेथे पहिल्या नावानेच हाक मारतात, पहिल्या दिवशी जीभ अडखळते, पण सवय होते.

प्रश्न: मी लेखापरीक्षक आहे. तेथील कार्यालयाने पाठवलेल्या कार्यक्रमात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ‘सॉना’ (तापलेल्या खोलीतील वाफेचे स्नान) असे लिहिले आहे. नकार दिला तर ग्राहक नाराज होईल का, आणि गेले तर नेमके काय करायचे असते?
(एक वाचिका, ठाणे)

उत्तर: नाराज कोणी होणार नाही. ‘मी येणार नाही, जेवणाला भेटते’ एवढे पुरते. कारण देण्याची गरज नाही आणि खोटे कारण तर देऊच नये. तरीही, संकोच थोडा बाजूला ठेवता आला तर जावे, असे मी म्हणेन.

सुमारे ५६ लाख लोकसंख्येच्या या देशात सॉनांची संख्या ३० लाखांच्या घरात सांगतात. घरात, इमारतीच्या तळघरात, कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर, इतकेच काय, संसद भवनातही सॉना आहे. फिनलंडच्या सॉना-परंपरेचा युनेस्कोने २०२० मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. कार्यालयीन कार्यक्रमात स्त्रिया आणि पुरुष यांच्या वेळा साधारणतः वेगळ्या असतात. केवळ स्त्रियांच्या वेळेत बहुतेक जणी विवस्त्र बसतात, परंतु पंचा गुंडाळून बसलेल्या पाहुणीकडे कोणी वळूनही पाहत नाही. जेथे स्त्री-पुरुष एकत्र असतात, उदाहरणार्थ समुद्रकाठी २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘ल्योल्यू’ या सार्वजनिक सॉनात, तेथे पोहण्याचा पोशाख घालावाच लागतो. जुना अनुभव हवा असेल तर काल्लिओ भागात १९२८ पासून चालू असलेले, लाकडावर तापवले जाणारे कोतिहार्यू आहे. आत जाण्यापूर्वी अंग धुवावे, बसायला आपला लहान पंचा अंथरावा आणि तापलेल्या दगडांवर पाणी टाकण्यापूर्वी इतरांना विचारावे. फार तापले तर सरळ बाहेर पडावे. शेवटपर्यंत टिकून राहणाऱ्याला तेथे बक्षीस नसते.

आत हुद्दा राहत नाही, असे फिनिश लोक अभिमानाने सांगतात आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. राष्ट्राध्यक्ष उर्हो केक्कोनेन यांनी १९६० मध्ये सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांना आपल्या निवासस्थानच्या सॉनात पहाटेपर्यंत बसवून घेतल्याची हकिगत प्रसिद्ध आहे. पण याच हकिगतीची दुसरी बाजूही आपल्यासारख्या व्यावसायिक स्त्रीने लक्षात ठेवावी: महत्त्वाचे बोलणे पुरुषांच्या सॉनात उरकले जाई, त्या काळी स्त्रिया त्या बोलण्याबाहेरच राहिल्या. आजही एखाद्या कार्यक्रमात कामाचे काही पुरुषांच्या वेळेत ठरल्यासारखे दिसले, तर दुसऱ्या दिवशी बैठकीत ‘हे कोठे ठरले?’ असे शांतपणे विचारावे. प्रश्न तेथे रास्त मानला जातो.

प्रश्न: परिषदेसाठी आठवडाभर राहायचे आहे. मी शुद्ध शाकाहारी आहे. उपासमार होईल का?
(संशोधक, सांगली)

उत्तर: होणार नाही. दुपारचे जेवण मात्र अकरा वाजल्यापासूनच सुरू होते आणि एक-दीडनंतर बऱ्याच उपाहारगृहांतील जेवणाचे टेबल आवरले जाते, तेव्हा आपली दोन वाजताची सवय सोडावी. विद्यापीठांच्या आणि कार्यालयांच्या भोजनगृहांत शाकाहारी पदार्थ रोज असतोच. अंडे आणि मासे यांविषयी वेगळे विचारावे. कॉफी भरपूर मिळते, फिनिश लोक दरडोई कॉफी पिण्यात जगात अग्रेसर आहेत. ती हलकी भाजलेली आणि बिनसाखरेची असते. कॉफीची सुट्टी अनेक व्यवसायांच्या सामूहिक करारांतच लिहिलेली असल्याने, कॉफीच्या वेळी कामाचा कागद पुढे करू नये.

प्रश्न: आमच्या नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांचा अभ्यासदौरा हेलसिंकीला जाणार आहे. चार दिवसांत काय पाहावे? मागच्या दौऱ्यांतून छायाचित्रांपलीकडे काही हाती आले नाही, ही खंत आहे.
(अधिकारी, नाशिक जिल्हा)

उत्तर: आपली खंत प्रांजळ आहे, म्हणून उत्तरही तसेच देतो. इमारती कमी पाहाव्यात, इमारतीमागचे कागद अधिक पाहावेत.

आपल्याला ओओदी हे मध्यवर्ती वाचनालय दाखवतीलच, आणि ते दाखवण्याजोगे आहेच. स्वातंत्र्याची शंभरी साजरी झाल्यानंतरच्या वर्षी, ५ डिसेंबर २०१८ रोजी, संसद भवनाच्या अगदी समोर ते उघडले. शिवणयंत्रे, त्रिमितीय छपाईयंत्रे, ध्वनिमुद्रणाच्या खोल्या, स्वयंपाकघर आणि वरच्या मजल्यावर पुस्तके असा त्याचा थाट आहे. छायाचित्र काढून झाल्यावर यजमानांना विचारावे की नागरिकांच्या सूचना कशा मागवल्या, त्यांतील कोणत्या नाकारल्या आणि नाकारण्याची कारणे कोठे नोंदवली. नगर परिषदेच्या सभा तेथे थेट प्रक्षेपित होतात, निर्णय आणि त्यांची कारणे संकेतस्थळावर वाचता येतात. एखाद्या लहानशा निर्णयाचा, म्हणजे एखाद्या चौकातील बदलाचा, पहिल्या पत्रापासून कामाच्या पूर्ततेपर्यंतचा प्रवास यजमानांकडून अर्धा दिवस समजून घेतला, तर तो अर्धा दिवस उरलेल्या दौऱ्यापेक्षा मोलाचा ठरेल.

दुसरा विषय रस्त्यांचा. २०१९ मध्ये हेलसिंकीत वाहनाच्या धडकेने एकही पादचारी दगावला नाही, आणि २०२४ च्या जुलैपासून पुढचे पूर्ण वर्ष शहरात रस्ते अपघातात एकही मृत्यू झाला नाही. सुमारे सात लाख वस्तीच्या राजधानीसाठी ही लहान गोष्ट नव्हे. ‘लोकच शिस्तीचे’ असे म्हणून आपण यातून सुटका करून घेतो, पण हेच शहर काही दशकांपूर्वी अशा मृत्यूंची मोठी संख्या दरवर्षी मोजत होते. बदल झाला तो टप्प्याटप्प्याने उतरवलेल्या वेगमर्यादेने (आज निम्म्याहून अधिक रस्त्यांवर ती ताशी ३० किलोमीटर आहे), अरुंद केलेल्या मार्गिकांनी, कॅमेऱ्यांनी आणि अपघातांच्या नोंदी पाहून केलेल्या चौकांच्या फेररचनेने. फिनलंडमध्ये १९२१ पासून गंभीर गुन्ह्यांचा दंड उत्पन्नाच्या प्रमाणात आकारला जातो आणि अतिवेगालाही तोच नियम आहे. २००२ मध्ये हेलसिंकीत मोटारसायकल वेगाने चालवल्याबद्दल एका बड्या मोबाइल कंपनीच्या संचालकाला १ लाख १६ हजार युरोंचा दंड झाला होता. उत्पन्न घटल्याचे दाखवून त्यांनी तो अपिलात बराच कमी करून घेतला, हेही सांगायला हवे.

मेट्रोच्या फलाटावर जाताना तिकीट तपासणारे फाटक नाही, हे पाहून दौऱ्यातील कोणीतरी ‘आपल्याकडे हे शक्य नाही, लोक प्रामाणिक नाहीत’ असे म्हणेल. त्यांना दोन गोष्टी सांगाव्यात. तपासनीस अचानक डब्यात चढतात आणि विनातिकीट प्रवासाचा दंड जबर असतो, तेव्हा तो विश्वास डोळे मिटून ठेवलेला नाही. आणि २०१३ मध्ये एका मासिकाने जगातील सोळा शहरांत प्रत्येकी बारा पाकिटे मुद्दाम टाकून पाहिली, तेव्हा हेलसिंकीत अकरा परत आली आणि दुसऱ्या क्रमांकावर नऊ पाकिटांसह होती आपली मुंबई. बारा पाकिटांवरून शहराची नीतिमत्ता मोजता येत नाही, हे खरे. पण ‘आपले लोकच तसे’ या सबबीला एवढा धक्का पुरेसा आहे.

शेवटी, पारदर्शकता ही त्यांची अलीकडची हौस नव्हे. फिनलंड स्वीडनच्या राज्याचा भाग असताना, १७६६ मध्ये, शासकीय कागदपत्रे जनतेला खुली करणारा जगातील पहिला कायदा झाला, आणि त्यासाठी झटणाऱ्यांत फिनलंडमधील धर्मोपदेशक आंदेर्स क्यूदेनिउस आघाडीवर होते. आजही दर नोव्हेंबरात मागील वर्षाचे नागरिकांचे करपात्र उत्पन्न आणि भरलेला कर पाहायला मिळतो, आणि वृत्तपत्रे दिवसभर कोणी किती कमावले याच्या याद्या चवीने छापतात. आपल्या माहिती अधिकार कायद्याची कलमे सोबत न्यावीत आणि तेथील अधिकाऱ्यांशी कलमवार बोलावे. महाराष्ट्राने केंद्राच्या आधीच असा कायदा केला होता, तेव्हा त्या चर्चेत आपण रिकाम्या हाताने बसणार नाही.

प्रश्न: मी सहा महिने हेलसिंकीत काम करून परत आले. तेथे माझी वरिष्ठ चार वाजता मुलाला पाळणाघरातून आणायला निघे, आणि कोणाला त्यात काही वाटत नसे. येथे परतल्यावर सात वाजता निघाले तरी ‘आज लवकर?’ असे ऐकावे लागते. तेथून शिकलेले येथे वापरायचे तरी कसे?
(एक वाचिका, नवी मुंबई)

उत्तर: तेथील माणसे समंजस आहेत म्हणून आपली वरिष्ठ चारला निघू शकत होती, असे मानले तर निराशाच पदरी येईल. तिच्यामागे कायदे उभे होते. कामाच्या वेळेची मर्यादा सर्वसाधारणपणे दिवसाला ८ आणि आठवड्याला ४० तास आहे, आणि कार्यालयीन करारांत ती बहुधा ३७.५ तासांची असते. १९९६ च्या कायद्याने कामाची सुरुवात आणि शेवट मागेपुढे करण्याची मुभा दिली. २०२० पासून लागू झालेल्या कायद्यानुसार करार करून निम्मा कामाचा वेळ कोठून आणि केव्हा भरायचा हे कर्मचारी ठरवू शकतो. पाळणाघरातील जागा हा तेथे बालकाचा हक्क आहे, आणि २०२२ च्या सुधारणेनंतर आई आणि वडील या दोघांना प्रत्येकी १६० दिवसांची पालकत्व रजा मिळते. या सगळ्याचा खर्च भरघोस करांतून निघतो. कायदा आधी आणि सवय मागून, असाच तेथला क्रम आहे.

म्हणून नवी मुंबईतील कार्यालयात एकटीने चार वाजता उठून जाण्याचा सल्ला मी देणार नाही. आपल्या हाताखाली चार माणसे असतील तर त्यांच्यापुरते काही करता येईल. सायंकाळी सहानंतर कोणते काम खरोखर तातडीचे आणि ते कोणी पाहायचे, याची पाळी लावून द्यावी आणि उरलेल्यांना सहानंतर संदेश पाठवू नये. रजा मंजूर करताना त्या व्यक्तीचे काम कोणाकडे गेले ते लिहावे, म्हणजे रजेवरच्या माणसाला फोन करण्याचे निमित्तच राहत नाही. फिनलंडमध्ये वर्षभर नोकरी झाली की साधारण पाच आठवड्यांची रजा मिळते आणि तिचा मोठा भाग उन्हाळ्यात घेतला जातो. जुलैत हेलसिंकीची कार्यालये ओस पडतात आणि तरीही कंपन्या चालतात, कारण मे महिन्यातच जुलैचे काम वाटून झालेले असते. तेथील ग्राहकाबरोबर काम चालू असेल तर बैठका त्यांच्या सकाळी ठेवाव्यात: तेथले नऊ म्हणजे आपले उन्हाळ्यात साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेबारा. त्यांच्या तीनची बैठक आपण सौजन्यापोटी स्वीकारतो आणि मग संध्याकाळ गेली म्हणून हळहळतो; वेळ बदलून मागावी, सहसा मिळते.

‘आज लवकर?’ या टोमण्याला मात्र माझ्याकडे उपाय नाही. हसून ‘नाही, वेळेवर’ म्हणावे आणि निघावे.

प्रश्न: मी गेली काही वर्षे एस्पो येथे राहतो. फिनलंडहून काय शिकावे हे सगळे सांगतात. येथे राहून काय सोसावे लागते ते कोणी लिहीत नाही. शेजाऱ्याचे नाव दारावरच्या पाटीवरून कळते, तोंडून नाही. फिनिश येत नाही म्हणून नोकरी बदलता येत नाही. जगातील सर्वांत आनंदी देशाचे हे कौतुक पुरे करावे, असे वाटते.
(संगणक अभियंता, एस्पो, फिनलंड)

उत्तर: तक्रार रास्त आहे. जागतिक आनंद अहवालात फिनलंड २०१८ पासून सतत पहिला येतो, पण त्या अहवालातील क्रम लोक आपल्या आयुष्याला एकंदर किती गुण देतात यावर ठरतो. आपल्या दारावर संध्याकाळी कोणी थाप मारते का, हे त्यात कोणी विचारत नाही. डिसेंबरात हेलसिंकीचा दिवस सहा तासांपेक्षाही लहान असतो, आणि जेथे फिनिश लोकही त्या काळात घरकोंबडे होतात तेथे नवख्याची अवस्था सांगायला नको. नोकरीबाबतचा अनुभवही आपल्या एकट्याचा नाही. हेलसिंकी विद्यापीठातील एका संशोधनात सारखीच पात्रता असलेले अर्ज केवळ नावे बदलून पाठवले, तेव्हा परदेशी नावांच्या अर्जांना मुलाखतीची बोलावणी स्पष्टपणे कमी आली. ज्या समाजात दिलेल्या शब्दावर विश्वास ठेवला जातो, त्याच समाजात शब्द देण्याची संधीच सर्वांना सारखी मिळत नाही, हे आठवडाभराच्या पाहुण्याला दिसत नाही आणि आपल्याला रोज दिसते.

तरीही, तेथे मैत्रीची वाट गप्पांतून क्वचितच जाते, ती एखाद्या कामातून जाते, हे आपणही पाहिले असेल. देशात एक लाखाहून अधिक नोंदणीकृत संस्था आहेत: स्कीइंगच्या, बुद्धिबळाच्या, समूहगायनाच्या, रानात अळंबी गोळा करणाऱ्यांच्याही. एकीचे सदस्य व्हावे आणि पहिल्याच सभेत एखादे लहान काम अंगावर घ्यावे. खजिनदार किंवा चिटणीस शोधता शोधता त्या संस्था मेटाकुटीला आलेल्या असतात. फिनिश शिकण्यासाठी नगरपालिकांच्या प्रौढशिक्षण संस्थांचे संध्याकाळचे वर्ग स्वस्त असतात, फक्त नोंदणी उघडली की जागा भराभर संपतात. आणि आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या ‘तालकोत’ला अवश्य जावे. आपल्या खेड्यांतील इर्जिकीप्रमाणे त्या दिवशी सारे रहिवासी मिळून अंगण झाडतात, पाने गोळा करतात, बाके रंगवतात, आणि मग कॉफी आणि भाजलेले सॉसेज होते. एरवी लिफ्टमध्ये मान खाली घालणारा शेजारी हातात दाताळे असले की हवामानापासून सुरुवात करून स्वतःच्या उन्हाळी घरापर्यंत बोलत जातो. तारखेची सूचना बहुधा एप्रिल-मेमध्ये जिन्याजवळच्या फलकावर लागते. दाताळे संस्था देते. हातमोजे मात्र आपले न्यावेत.